घसा

मागचा आवाज आम्ही केव्हाच बुजवला होता.
धुराच्या नळीला पत्र्याचा डबा, डब्यात भोकाभोकांच्या चकत्या.
बेलफास्टचे घोडे बुजायचे थांबले,
पोलिसांच्या चिठ्ठ्याही थांबल्या.
मग पुढचा ऐकू यायला लागला.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं
की एक आवाज मेला की त्याच्या पाठीमागे
इतके दिवस गुपचूप उभा असलेला दुसरा
पुढे येतो आणि टोपी काढतो.

मिस्टर कॉर्बिट म्हणाले, गाडी झकास आहे,
पण चढ लागला की बॉनेटखाली
कुणी म्हातारं माणूस धापा टाकतंय असं वाटतं.
बायकोला सहन होत नाही.
फोरमन टिबीने माझ्याकडे बोट केलं.

मी कान लावला.
झडप उघडते, इंजिन हवेचा घोट घेतं.
झडप मिटते, आत निघालेली हवा बंद दारावर आपटून माघारी येते.
मिनिटाला दोन हजार घोट,
आणि एकेक घोट कार्बुरेटरचा घसा खरवडत जाणारा.

ओळखीचा होता.
आमच्या घरात तो रोज रात्री
पातळ भिंतीपलीकडे झोपतो.

आई, सेलिना गिल्फिलन,
अठ्ठावीस वर्षं कॉर्बिटच्याच गिरणीत,
अळशीचे पेळू पिंजायच्या खोलीत.
सोमवारी सकाळी सगळ्यात वाईट, म्हणायची,
रविवारी छाती जरा मोकळी होते ना,
म्हणून.

आधी मी नमदा गुंडाळला.
मग घोड्याचे केस ठासले, बारीक जाळी लावली, वर आणखी नमदा.
गाडी गप्प झाली,
काळा धूर ओकली,
आणि चढाच्या मध्यावर मेली.
आम्ही चौघांनी ढकलत परत आणली, पावसात.
टिबी म्हणाला, आवाज घालवायला सांगितला होता,
श्वास नाही.

तीन आठवडे असेच.
मग एकदा जेवणाच्या सुट्टीत
जिंजर बिअरची रिकामी बाटली तोंडाला लावून फुंकत बसलो होतो,
उगाच, पोरकटपणा.
तळाशी थोडं पाणी असलं की तिचा सूर चढतो,
ओतून टाकलं की उतरतो.
म्हणजे पोकळीला स्वतःचा एक सूर असतो.
तोच सूर तिच्या दाराशी आला
तर ती त्याला आत ओढते,
आणि उलटा करून परत पाठवते.

नळी कापली. एक टोक बंद.
घशाच्या अलीकडे आडवी जोडली.
दोन फूट चार इंच: वाईट.
दोन फूट दोन: आणखी वाईट, गाय हंबरल्यासारखं.
सव्वादोन फुटांवर
ते म्हातारं माणूस बॉनेटखालून उठून गेलं.
(वेग वाढवला की परत यायचं.
हे मी टिबीला सांगितलं. टिबीने कॉर्बिटना सांगितलं नाही.)

गाडी द्यायच्या आदल्या रविवारी
मी ती आमच्या गल्लीत आणली.
पोरं धावली, खिडक्या उघडल्या.
आई शाल ओढून पायरीपर्यंत आली.
मी म्हणालो, बघ, चालू आहे, आणि आवाज नाही.
हळूहळू म्हणालो,
ती ओठ वाचते.
पिंजणयंत्रांनी तिचे कान
फार पूर्वीच नेलेत;
स्वतःची घरघर
तिने कधी ऐकलेलीच नाही.

तिने हात पुढे केला, बॉनेटवर ठेवला,
तापल्या पोराच्या छातीवर ठेवावा तसा.
बराच वेळ.
मग म्हणाली, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:
अजून लागतेय रे ह्याला धाप.

मी इंजिन बंद केलं.
तिने तळवा ॲप्रनला पुसला,
पुन्हा एकदा पुसला.
बॉनेटवर धूळ नव्हती.
सकाळीच चकचकीत केलं होतं मी.